गाण्याची उलटतपासणी

२७ नोव्हेंबर २०२३ रोजी अटलांटातल्या फुल्टन काउंटीच्या कोर्टात सरकारी वकील एड्रियन लव्ह उभ्या राहिल्या आणि त्यांनी ज्युरीला चक्क कविता ऐकवली. रुडयार्ड किपलिंगची, जंगलचा कायदा सांगणारी: कळपाचं बळ लांडग्यात आणि लांडग्याचं बळ कळपात. किपलिंग हा आपल्या मुंबईत जन्मलेला, बाप जे. जे. कलाशाळेत शिकवायचा. त्याच्या ओळी जिथे वाचल्या जात होत्या तिथे आरोपीच्या जागेवर बसला होता जेफ्री विल्यम्स, म्हणजे यंग थग या नावाने जगभर ऐकला जाणारा रॅपर. सरकारचं म्हणणं असं की त्याची 'वायएसएल' ही संगीतकंपनी वरवरची. आत आहे ती टोळी, आणि यंग थग तिचा म्होरक्या. याच्या अनेक पुराव्यांपैकी एक म्हणजे त्याची गाणी. एकाच खटल्यात सरकारपक्षाची कविता हा दृष्टान्त आणि आरोपीची कविता ही जबानी, अशी वाटणी पहिल्याच दिवशी झाली.

माझा भाचा अटलांटाच्या उत्तरेला अल्फारेटात राहतो. हा खटला चालला तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर त्यावरून बरीच धुमश्चक्री झाली आणि अजूनही गणपतीत सगळे जमले की विषय निघतोच. एका बाजूला भाच्याची पिढी: कलाकाराला गाण्यासाठी तुरुंगात टाकलं, अमेरिकेतली काळ्यांबद्दलची घृणा दुसरं काय. दुसऱ्या बाजूला आमच्या पिढीतले, ज्यांनी यातलं एकही गाणं ऐकलेलं नाही: बंदुका मिरवायच्या, खुनाच्या बढाया मारायच्या आणि पकडलं की कला म्हणायचं, हा कुठला न्याय? दोन्हीकडचे एकमेकांना तीच दोन वाक्यं आलटून पालटून ऐकवतात. पुढे जाऊन पाहिलं तर अमेरिकेतला वादही फारसा वेगळा नाही, इंग्रजी तेवढी बरी.

माझं म्हणणं या दोघांनाही रुचणार नाही. गाणं कोर्टात पुरावा म्हणून येऊच नये, असं मी म्हणत नाही. एखाद्या ठरावीक गुन्ह्यातली ठरावीक गोष्ट, जी बाहेरच्याला ठाऊक असणं शक्य नाही, ती गाण्यात असेल तर खुशाल वाचा. पण 'हा माणूस टोळीचा आहे' याचा दाखला म्हणून गाणं वाचायला माझा ठाम विरोध आहे. कारण तिथे गाणं काहीच सिद्ध करत नाही, फक्त पुराव्यातली भोकं बुजवतं. आणि ती भोकं पडतात रॅपमुळे नव्हे, तर ज्या कायद्याखाली हे खटले चालतात त्याच्या विणीमुळे. वाद घालायचाच तर त्या विणीवर घालायला हवा. तिथे कुणी येत नाही, कारण ते काम रुक्ष आहे.

आधी खटला काय होता ते पाहू. मे २०२२मध्ये डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, म्हणजे काउंटीच्या मुख्य सरकारी वकील, फानी विलिस यांनी २८ जणांवर ५६ कलमांचं आरोपपत्र आणलं. मुळाशी २०१५ सालचा एक खून होता: अटलांटात एका न्हाव्याच्या दुकानाबाहेर गाडीतून गोळ्या झाडून मारलेला माणूस. त्यात वापरलेली गाडी विल्यम्सच्या नावावर भाड्याने घेतलेली होती, असा सरकारचा आरोप. खुनाचं कलम त्याच्यावर नव्हतं, ते इतरांवर. त्याच्यावर होतं अटलांटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियाच्या 'रिको' या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखालचं कटाचं कलम, शिवाय टोळीची, अमली पदार्थांची आणि हत्यारांची कलमं. कटाच्या कलमात 'प्रकट कृती' नावाची एक यादी लागते. या कृती स्वतः गुन्हा असायची गरज नसते, कट पुढे सरकल्याची खूण असली की पुरे. त्यामुळे या यादीत गोळीबार आणि दरोडा यांच्या शेजारीच गाण्यांच्या ओळी, व्हिडिओतली उपस्थिती आणि 'वायएसएल' लिहिलेले शर्ट येऊन बसले. एका ओळीचा आशय असा: मी कुणाला मारलं नाही, पण त्या मढ्याशी माझा काहीतरी संबंध आहे. आरोपपत्रात ती वाचताना अंगावर काटा येतो, हे मान्य. आता हीच ओळ तमाशाच्या फडात डोळा मारून म्हटलेली कल्पून पाहा.

आता विरुद्ध बाजूचं जे खरंच वजनदार आहे ते. मूळचा रिको कायदा १९७०मध्ये अमेरिकेच्या संसदेने केला तो माफियासाठी, आणि त्यामागचा विचार शहाणपणाचा होता. टोळीचा मुख्य कधीच चाप ओढत नाही. तो नुसती मान हलवतो, आणि चार माणसं पलीकडच्या पाचव्याचा मुडदा पाडतात. प्रत्येक गुन्हा सुटा चालवला तर प्यादी आत जातात आणि वजीर बाहेर राहतो. म्हणून कायद्याने गुन्ह्यांची माळ पाहायला सांगितली: एकाच संघटनेसाठी केलेली दोन किंवा अधिक कृत्यं दाखवा आणि त्या माळेचा धागा ज्याच्या हातात आहे त्याला धरा. न्यूयॉर्कच्या पाच माफिया घराण्यांचे म्होरके १९८०च्या दशकात याच कायद्याने आत गेले. तेव्हाचे सरकारी वकील रुडी जुलियानी त्यामुळे देशभर नावारूपाला आले. ज्यांच्या गल्लीत पोरं मरतात त्यांना 'अभिव्यक्ती' हा शब्द ऐकून संताप येणारच, आणि तो संताप दक्षिण अटलांटातल्या आयांचा आहे, फक्त गोऱ्या उपनगरांचा नाही. विलिस स्वतः कृष्णवर्णीय, ज्यांनी गाणी पुराव्यात घेऊ दिली ते न्यायाधीश युरल ग्लॅनव्हिलही कृष्णवर्णीय. तेव्हा 'वंशद्वेष' एवढं एकच लेबल चिकटवून भाच्याला सुटका नाही.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. कला कधीकधी खरोखर कबुलीच असते. लॉस एंजेलिसजवळच्या पिको रिव्हेरात २००४ साली दारूच्या दुकानाबाहेर एकाचा खून झाला. तपास थंडावला. काही वर्षांनी एका पोलीस अधिकाऱ्याला जुने फोटो चाळताना एका टोळीवाल्याच्या छातीवरचं गोंदण दिसलं. दुकान, त्याच्या छताला लावलेले नाताळचे दिवे, वाकलेला दिव्याचा खांब, माणूस कुठल्या बाजूला पडला, सगळं अगदी जागच्या जागी. तो इसम २०११ साली दोषी ठरला. हे गोंदण पुरावा नव्हतं असं कोण म्हणेल? आणि टोळीच रॅपरची जाहिरात झाल्याचा दाखलाही आहे. टेकाशी सिक्सनाइन या रॅपरला २०१८मध्ये रिकोखाली पकडलं. पुढच्याच वर्षी त्याने आपल्याच साथीदारांविरुद्ध साक्ष देताना कोर्टात सरळ सांगितलं की टोळीकडून मला माझी कारकीर्द मिळाली, रस्त्यावरची पत मिळाली, संरक्षण मिळालं. आणि बदल्यात मी पैसा पुरवला. इथे 'बिचारा कवी' म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही.

पण ही दोन्ही उदाहरणं नीट उलगडून पाहा. गोंदणाचं वजन कशात होतं? छाती टोळीवाल्याची होती यात नाही, वाकलेल्या खांबात होतं. जागेवर असल्याशिवाय कळणार नाही असा तपशील, तो पडताळायला पोलिसांकडे स्वतंत्र फोटो, आणि शिवाय पुढे त्याने साध्या वेशातल्या पोलिसापाशी दिलेली कबुली. सिक्सनाइनच्या खटल्यात तर साक्षीदार तो स्वतःच, शपथेवर आणि उलटतपासणीला तयार. गाण्याचं तसं नसतं. गाण्याला पिंजऱ्यात उभं करून 'त्या रात्री तू नेमका कुठे होतास' असं विचारता येत नाही. न्यायाधीश ग्लॅनव्हिल यांनी गाण्यांच्या सतरा तुकड्यांना सशर्त परवानगी देताना सांगितलं की इथे गाण्यावर खटला नाही, गाणं दुसऱ्या गोष्टी सिद्ध करायला वापरलं जातंय. वरून पटण्यासारखं आहे. पण त्या दुसऱ्या गोष्टीचं नाव जेव्हा 'टोळीचं सदस्यत्व' असं असतं, तेव्हा वाकलेला खांब कुठे आहे? सदस्यत्वाची वही नसते, वर्गणीची पावती नसते. त्या रिकाम्या जागेत गाणं ओतलं की ती भरल्यासारखी दिसते.

भरल्यासारखी दिसणं किती महागात पडतं ते न्यू ऑर्लिन्सचा रॅपर मॅक फिप्स याला विचारा. फेब्रुवारी २०००मध्ये लुइझियानातल्या स्लायडेल इथे एका क्लबात तो कार्यक्रमाला गेला होता, तिथे गोळी लागून एक जण मेला. फिप्सवर आधीचा एकही गुन्हा नाही. दुसऱ्या एका माणसाने 'गोळी मी झाडली' असं पोलिसांना सांगितलं, त्याच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. मग सरकारी वकिलांनी ज्युरीला फिप्सच्या ओळी ऐकवल्या. त्या दोन वेगवेगळ्या गाण्यांतल्या होत्या, एकाला एक जोडलेल्या. त्यातली एक ओळ त्याने व्हिएतनाममध्ये लढलेल्या आपल्या बापाबद्दल लिहिली होती. कोर्टात ती त्याच्या स्वतःच्या तोंडची झाली. दहा विरुद्ध दोन मतांनी तो दोषी ठरला, शिक्षा तीस वर्षं. २०२१मध्ये राज्याने दया दाखवून त्याला सोडलं, तोवर एकवीस वर्षं उलटली होती. तिथे गाण्याने काय सिद्ध केलं? एवढंच की आरोपीला हिंसेचे शब्द येतात. ते तर मलाही येतात.

हे एकट्यादुकट्या वकिलाच्या लबाडीचं काम नाही, ऐकणाऱ्याच्या कानातच खोट आहे. नव्वदच्या दशकात कॅरी फ्राइड या मानसशास्त्राच्या अभ्यासिकेने एक साधा प्रयोग केला. पोलिसाच्या खुनाबद्दलच्या एका जुन्या लोकगीताच्या ओळी तिने लोकांना वाचायला दिल्या. गीत गाणारे होते किंग्स्टन ट्रायो, इस्त्रीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातले गोरे तरुण. काहींना सांगितलं हे कंट्री गाणं आहे, काहींना सांगितलं हे रॅप आहे. ओळी त्याच. रॅप म्हणून वाचणाऱ्यांना त्या जास्त धोकादायक, जास्त चीड आणणाऱ्या वाटल्या. पुढे इतरांनी हा प्रयोग पुन्हा केला, उत्तर तेच आलं. जॉनी कॅश आयुष्यभर गात राहिला की मी रीनोत एकाला फक्त तो मरताना बघायला गोळी घातली. तुरुंगातले कैदी त्याला टाळ्या देत, पण कुठला शेरीफ रीनोतला मुडदा शोधत फिरला? २०१४ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने व्होंटे स्किनर या आरोपीच्या खटल्यात हाच सवाल केला. त्याच्या गाण्यांची तेरा पानं ज्युरीसमोर वाचली गेली होती, त्यातली बरीचशी गुन्ह्याच्या कितीतरी आधी लिहिलेली. न्यायालय एकमताने म्हणालं की गाण्यात म्हटलं म्हणून बॉब मार्लेने खरंच शेरीफला मारलं असं कुणी धरत नाही, कथा लिहिली म्हणून एडगर अॅलन पो याने खरंच माणूस मारून फळ्यांखाली पुरला असंही कुणी धरत नाही. मग इथेच का? गाणं आणि गुन्हा यांच्यात पक्का, नेमका दुवा दाखवा, नाहीतर वाचू नका. २०२२मध्ये कॅलिफोर्नियाने याच दिशेने कायदाच केला. जॉर्जियाने केला नाही.

इथे थोडं माझं स्वतःचं. मी काही वर्षं जिल्हा न्यायालयात कागदांची मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करायचं काम केलं आहे. एका किरकोळ भांडणाच्या प्रकरणात फिर्यादीने लिहिलं होतं: आरोपी म्हणाला, 'तुला बघून घेईन.' माझ्याआधी कुणीतरी त्याचं भाषांतर केलेलं होतं, त्याचा अर्थ होत होता 'मी तुला भेटीन'. धमकीचं आमंत्रण झालं होतं. उलट दिशेनेही हेच घडतं, आणि ते जास्त भयंकर असतं. 'तंगडं तोडून हातात देईन' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्या आईने म्हटलेलं नाही? ते शब्दाला शब्द ठेवून परक्या भाषेत नेलं तर अवयव तोडण्याच्या पूर्वनियोजित कटाचा पुरावा तयार होतो. आणि अटलांटातल्या ज्युरीसमोर रॅपच्या बोलीचा अर्थ सांगायला कोण असतं? बहुतेकदा टोळीविरोधी पथकातला पोलीस. म्हणजे दुभाषा पण फिर्यादीच्या घरचाच. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२मध्ये आला तेव्हा प्रस्तावना लिहायला बसलेल्या विजय तेंडुलकरांना त्यातले कित्येक शब्द कळेनात. तेंडुलकर मुंबईचे, मराठीतले मोठे नाटककार. त्यांनी काय केलं, तर कवीलाच अर्थ विचारले. कामाठीपुऱ्याच्या हवालदाराला विचारले असते तरी अर्थ मिळालेच असते, पण कुठले?

'मी' या शब्दाचंही तसंच. आपल्याकडे दाढीमिशीच्या शाहिरांनी बाईच्या तोंडच्या लावण्या रचल्या, पेशवाईपासून. होनाजी बाळाच्या लावणीतली विरहिणी म्हणजे होनाजी, असं म्हणणारा माणूस आपण वेड्यात काढू. रॅपमधला 'मी' हाही असाच सोंगाचा असतो. कधी खरा, कधी शेजाऱ्याचा, कधी मेलेल्या मित्राचा, आणि बऱ्याचदा निव्वळ विकायचा. यंग थगचे वकील ब्रायन स्टील यांनी ज्युरीला सांगितलं की 'थग' म्हणजे गुंड नव्हे, ती 'देवापुढे खरोखर नम्र' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत. खरं सांगायचं तर यावर माझाही विश्वास बसत नाही, वकिलाची ती वकिली. पण तो बसत नाही म्हणून उलटा अर्थ सिद्ध होतो का?

भाषा न कळणाऱ्या ज्युरीसमोर कविता वाचून माणसाला आत पाठवणं, हे आपल्याला नवं नाही. १५ जून १८९७च्या 'केसरी'त 'शिवाजीचे उद्गार' ही कविता छापून आली. २२ जूनच्या रात्री पुण्यात गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. सरकारला मारेकरी लगेच सापडले नाहीत, टिळक मात्र सापडले. खुनाशी त्यांचा संबंध जोडता येईना, म्हणून राजद्रोहाचा खटला भरला, आणि त्यात मुख्य पुरावा ती कविता आणि अफजलखानवधावरच्या भाषणाचा वृत्तान्त. ज्युरीत सहा युरोपियन, तीन हिंदी. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी, अठरा महिने सक्तमजुरी. ज्या भाषेत ते लिखाण होतं ती न कळणाऱ्या सहा जणांनी भाषांतरावरून निकाल दिला. १९०८च्या दुसऱ्या खटल्यात टिळक एकवीस तास बोलले, त्यातला मोठा भाग सरकारी भाषांतरं कशी चुकीची आहेत हे दाखवण्यात गेला. १९०९मध्ये नाशिकला बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, ती काही कविता छापून प्रसिद्ध केल्याबद्दल. कलम राजाविरुद्ध युद्ध पुकारण्याला चिथावणी दिल्याचं. मग १९१०-११मध्ये नाशिक कटाचा खटला, ३८ आरोपी एका दावणीला.

तुलना ताणली, असं कुणी म्हणेल. कुठे टिळक, कुठे सोन्याच्या साखळ्या मिरवणारा गायक! फरक आहेच, आणि तो मान्य करूनच पुढे जातो. त्या खटल्यांत कविता हाच गुन्हा होता, अटलांटात ती दुसऱ्या गुन्ह्याचा पुरावा आहे. त्या कवितांमागे स्वराज्य होतं, या गाण्यांमागे बऱ्याचदा पैसा आणि फुशारकी. पण एक गैरसोयीची गोष्ट इथे सोडून देता येणार नाही. नाशिकमध्ये गुप्त संघटना खरोखरच होती. बाबाराव तिच्यात होते. डिसेंबर १९०९मध्ये कलेक्टर जॅक्सनला खरोखर गोळी घातली गेली. म्हणजे 'टोळी' अस्तित्वात असूनही कविता हा हुकूम ठरत नाही, हे आपण तिथे मानतो. कवी थोर आहे म्हणून मानत असू, तर तो पुराव्याचा नियम नव्हे, ती भक्ती झाली. पुराव्याचा नियम नावडत्या माणसाला लावूनच तपासायचा असतो. (२०२३च्या एप्रिलमध्ये राज मुंगासे या आपल्याकडच्या रॅपरवर त्याच्या राजकीय गाण्यासाठी गुन्हा नोंदला गेला, तेव्हा आमच्या ग्रुपवरच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांची भूमिका जशीच्या तशी उचलली होती, कोण कुठल्या पक्षाचा त्यावरून.)

आता विणीकडे येतो. यंग थग ९ मे २०२२ला आत गेला आणि ३१ ऑक्टोबर २०२४ला बाहेर आला. जामीन मागितला, नाकारला, पुन्हा मागितला, पुन्हा नाकारला. ज्युरी निवडायलाच जवळपास दहा महिने लागले. मधेच एका सहआरोपीला तुरुंगात भोसकलं, खटला थांबला. मग न्यायाधीशांनी सरकारी वकील आणि एक साक्षीदार यांच्याशी बचावपक्षाच्या पाठीमागे बैठक घेतल्याचं उघड झालं. 'तुम्हाला हे कुणी सांगितलं' हे नाव सांगायला वकील स्टील तयार नव्हते, म्हणून न्यायाधीशांनी त्यांनाच अवमानाबद्दल शिक्षा सुनावली; ती पुढे रद्द झाली आणि जुलै २०२४मध्ये न्यायाधीशांनाच खटल्यावरून बाजूला केलं गेलं. जॉर्जियाच्या इतिहासातला हा सगळ्यांत लांबलेला खटला. इतका वेळ आत बसलेल्या माणसाला काय हवं असतं? निर्दोष ठरणं नव्हे, घर. सहआरोपी रॅपर गन्ना याने डिसेंबर २०२२मध्येच 'मी निर्दोष आहे पण गुन्ह्याचा शेरा स्वीकारणं माझ्या हिताचं आहे' अशा, तिकडच्या कायद्यात चालणाऱ्या, त्रिशंकू कबुलीवर सुटका करून घेतली. त्या कबुलीत त्याला 'वायएसएल ही संगीतकंपनी आणि टोळीही आहे' याला हो म्हणावं लागलं. पाहा, सदस्यत्वाचा जो दाखला मिळत नव्हता तो कसा मिळतो. माणसाला सात महिने कोंडा आणि दाराच्या चौकटीवर तो लिहून ठेवा.

खटला उभा राहिला तेव्हा सहा आरोपी उरले होते. ऑक्टोबर २०२४च्या शेवटच्या काही दिवसांत त्यातल्या चौघांनी कबुली दिली, यंग थग त्यातला शेवटचा. टोळीचं एक कलम, अमली पदार्थ, हत्यारं कबूल. रिकोच्या कटावर 'ना कबूल ना नाकबूल'. सरकारपक्षाने पंचेचाळीस वर्षं मागितली होती, त्यातली पंचवीस प्रत्यक्ष तुरुंगात. नव्या न्यायाधीश पेज रीस व्हिटेकर यांनी त्याच संध्याकाळी त्याला घरी पाठवलं: झाला तेवढा तुरुंग पुरे, वर पंधरा वर्षं देखरेख, आणि अटी मोडल्या तर डोक्यावर टांगलेली आणखी वीस. पंचवीस वर्षं आणि शून्य दिवस ही दोन्ही उत्तरं एकाच गणिताची निघत असतील तर गणित मांडताना काहीतरी बिनसलं आहे. शेवटचे दोन आरोपी कबूल झाले नाहीत. ३ डिसेंबरला ज्युरीने दोघांनाही खुनातून आणि कटातून निर्दोष सोडलं. एकाच्या माथी फक्त हत्यार बाळगल्याचं एक कलम राहिलं. ज्याच्यासाठी एवढा डोंगर पोखरला त्या २०१५च्या खुनाचा न्याय त्या मेलेल्या माणसाच्या घरच्यांना मिळाला का? ज्यांना बळी पडलेल्यांचा कळवळा आहे, त्यांनी हा प्रश्न सरकारी वकिलांना विचारायला हवा.

आणि असा कायदा रॅपरपाशी थांबत नाही. जॉर्जियाचा रिको १९८०चा, केंद्राच्या कायद्यापेक्षा ऐसपैस. अटलांटाच्या शाळांत शिक्षकांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांत फेरफार केले, त्यांना याच कायद्याने पकडलं. २०१५मध्ये अकरा जण दोषी ठरले. २०२३मध्ये पोलिसांच्या प्रशिक्षण केंद्राला विरोध करणाऱ्या ६१ आंदोलकांवर तो लागला. त्याच वर्षी डोनाल्ड ट्रम्प आणि त्यांच्यासह अठरा जणांवरही, विलिसबाईंनीच लावला. त्या अठरांत एक नाव रुडी जुलियानी. माफियाला ज्या जाळ्यात धरलं त्या जाळ्याचा हा प्रवास. जाळं इतकं मोठं असेल की त्यात मास्तरीणही अडकते आणि तेव्हाचा माजी राष्ट्राध्यक्षही, तर 'टोळी' या शब्दाला काही अर्थ उरतो का?

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. महाराष्ट्राचा मकोका १९९९चा. दहा वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं, दोन माणसं मिळून टोळी, जामीन जवळजवळ दुरापास्त, आणि पोलीस अधीक्षकापुढची कबुली पुराव्यात ग्राह्य. हा कायदाही दाऊद-शकीलच्या खंडण्या पाहूनच आला, आणि तेव्हा मीही म्हटलं होतं, बरं झालं. २००१च्या जानेवारीत हिरेव्यापारी आणि चित्रपटांना पैसा पुरवणारे भरत शहा याच कायद्याखाली आत गेले. २००३मध्ये ते दोषी ठरले ते माहिती दडवल्याबद्दल, वर्षभराच्या शिक्षेला. तेवढा तुरुंग आधीच भोगून झाला होता. ११ जुलै २००६च्या लोकल बॉम्बस्फोटांचा खटला मकोकाखाली चालला, २०१५मध्ये बारा जण दोषी. २१ जुलै २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाने कबुल्या विश्वासार्ह नाहीत असं म्हणत सगळ्यांना निर्दोष सोडलं. तो निकाल दाखला म्हणून वापरायला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आहे, प्रकरण तिथे आहे. पण एकोणीस वर्षं उलटली, एक जण तुरुंगातच वारला, आणि त्या गाड्यांत मेलेल्या दीडशेहून अधिक माणसांच्या घरच्यांपाशी आज धड उत्तर नाही. तिथे गाणी नव्हती. कबुल्या होत्या, म्हणजे पोलिसांनी लिहून घेतलेलं गद्य. भोक तेच, बुजवायचा चिखल तेवढा वेगळा.

राहता राहिल्या यंग थगच्या सुटकेच्या अटी, त्या सहसा कुणी वाचत नाही. पहिली दहा वर्षं त्याने अटलांटा परिसरात पाऊल ठेवायचं नाही. लग्न, अंत्यविधी, कुणाचा पदवीदान समारंभ एवढीच सवलत. मात्र वर्षातून चार वेळा त्याने यायचंच आहे, मुलांपुढे उभं राहायला, टोळीच्या नादी लागू नका हे सांगायला. बोलायचं आहे त्याच बोलीत ज्या बोलीला कोर्टात पोलीस दुभाषा लागला होता. पोरांना तो लागणार नाही, हे बहुधा व्हिटेकरबाईंनाही ठाऊक असावं.